लागोपाठ दोन शून्यं

३ एप्रिल, शुक्रवार

शी.

पहिला शब्द हाच लिहिला, कारण आज दिवसभरात तो मी एकवीस वेळा म्हटला असं मुलगी सांगते. तिने म्हणे मोजलं. शाळा बंद झाल्यापासून तिला दुसरा उद्योग नाही.

ही वही खरं तर कारखान्याची. साबणासाठी येणारं तेल खवट आहे का ते हुंगून सांगायचं, हे माझं बावीस वर्षांचं काम. शून्य ते पाच गुण द्यायचे. शून्य म्हणजे कसलाच वास नाही, पाच म्हणजे खोली सोडून पळा. जगातल्या प्रत्येक वस्तूला थोडा तरी वास असतोच, म्हणून माझा एक नियम आहे: लागोपाठ दोन शून्यं आली की बाटली बाजूला ठेवायची आणि आधी स्वतःचं नाक तपासायचं. हा नियम मी हाताखालच्या पोरीकडून घोकून घेतलाय. तिला सगळे धाकटं नाक म्हणतात. मोठं नाक कोण, हे सांगायला नको.

आता कारखाना बंद, नाक घरी आणि घरात चार माणसं. कामावर जात होते तेव्हा या घराचा वास मला फक्त सकाळ-संध्याकाळ यायचा. आता चोवीस तास येतो. माणसं इतकी घाण असतात हे मला माहीत नव्हतं, आणि ही तर माझीच माणसं.

मोजणी करून टाकू. नवऱ्याची बरणी: चार. मुलीची खोली: तीन, मोजे धरले तर चार. फ्रिज: दोन. सासऱ्यांचं मलम: पाच. सहावा गुण असता तर तोही दिला असता.

४ एप्रिल, शनिवार

बरणीबद्दल लिहायला हवं. नवरा शाळेत कवायतीचे सर आहे. सगळे त्याला मास्तर म्हणतात, रागावले की मीही म्हणते. म्हणजे सध्या रोजच. शाळा बंद झाल्यावर दोन दिवस हा माणूस खिडकीत उभा राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने पीठ आणि पाणी एका बरणीत कालवून आंबायला ठेवलं. त्यातून म्हणे घरचा पाव होणार. पीठ फुगतं म्हणून बरणीचं नाव पैलवान. रोज सकाळी मास्तर झाकण उघडून त्याला शाबासकी देतात. वास कसा? पावसात भिजलेले बूट आठवडाभर पेटीत ठेवले आणि त्यावर कुणीतरी दही सांडलं, तसा.

पाव एकदा झाला. त्याने दार अडवून ठेवता येईल.

५ एप्रिल, रविवार

जेवताना फतवा काढला.

"आजपासून या घरात वास चालणार नाही."

"कसला?" मास्तरांनी विचारलं.

"कसलाही."

"मग श्वास सोडायचा की धरून ठेवायचा? एकदा सांगून टाक, म्हणजे सवय करायला बरं."

"आई, त्यापेक्षा तूच कारखान्यात राहायला जा ना," मुलगी म्हणाली. "तिथे तेलं तुझं ऐकतात."

मी दोघांकडे दुर्लक्ष केलं आणि अप्पांकडे वळले. अप्पा म्हणजे सासरे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, स्टुलावर बसून बसून गुडघे गेले. म्हणून ते सकाळ-संध्याकाळ एका पत्र्याच्या डबीतलं काळपट मलम चोळतात. त्यात कापूर आहे, डांबर आहे आणि तिसरं काय आहे ते मला बावीस वर्षांच्या अनुभवानंतरही ओळखता येत नाही. ओळखायची इच्छाही नाही.

"अप्पा, तुमचं मलम..."

"कळलं, सूनबाई," ते घाईने म्हणाले. "मी बाल्कनीत झोपत जाईन. काचेचं दार लावून घेतलं की झालं. तिथे मोकळी हवा पण आहे."

घरात एक तरी समंजस माणूस आहे. त्यांनाही मोकळी हवा हवीच असणार, नाहीतर स्वतःहून कशाला सुचवतील? संध्याकाळी मास्तरांनी घडीची खाट बाल्कनीत टाकली. टाकताना एक शब्द बोलले नाहीत. खाट जड असावी.

बातम्याही बंद केल्या. मास्तर जेवताना आकडे मोठ्याने वाचतात, घास उतरत नाही.

८ एप्रिल, बुधवार

भाजीच्या दुकानापुढे दीड तास रांग. अंतर ठेवा म्हणून जमिनीवर गोल काढलेत, आणि लोक दोन-दोन जण एका गोलात. माझ्या मागचा माणूस सतत खोकत होता. शिवाय मास्क हनुवटीवर. लोकांना काही शिकवून उपयोग नाही.

कोबी निवडायला मला मास्क खाली करावा लागला, कारण हुंगल्याशिवाय मी कोबी घेत नाही. अकरा गड्डे हुंगले. नऊ टाकले. दुकानदार म्हणाला, "बाई, हे लोकांनी हाताळलेले आहेत हो." म्हटलं, म्हणून तर हुंगतेय.

९ एप्रिल, गुरुवार

मास्तरांचा वर्ग आता मोबाइलवर भरतो. चाळीस मुलं पडद्यावर आणि हा बैठकीच्या खोलीत उड्या मारणार. खालच्या मजल्यावरच्या बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकतात, मास्तरांना वाटतं त्या ठेका धरताहेत. वर्ग संपल्यावर बनियन खुर्चीच्या पाठीवर. साडेचार गुण. अर्धा गुण मी कधीच देत नाही, आज दिला.

मुलीच्या पलंगाखाली कपात काहीतरी हिरवं उगवलं होतं. "विज्ञानाचा प्रयोग आहे," म्हणाली. तिने विज्ञान कधीच सोडलंय.

अप्पांच्या बाजूने मात्र दोन-तीन दिवसांत एकदाही वास आला नाही. काचेचं दार उत्तम काम करतं.

११ एप्रिल, शनिवार

अप्पा हल्ली भिंतीला धरून चालतात. बसून बसून अंग आखडतं माणसाचं. मास्तरांना सांगितलं, तुमच्या वर्गात त्यांनाही उभं करा. मास्तरांनी माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. चाळीस मुलांना कवायत शिकवतो आणि स्वतःच्या बापाला शिकवायला जड जातं.

१३ एप्रिल, सोमवार

आज एक आश्चर्य. डोकं जड होतं, घसा खवखवत होता, म्हणून उशिरा उठले. स्वयंपाकघरात कोबी उकडत होता आणि वास नाही. मुलीच्या खोलीत डोकावले, वास नाही. मास्तरांचा वर्ग नुकताच संपला होता, बनियन खुर्चीवर होती, आणि वास नाही!

शेवटी लोक ऐकतात. जरा आवाज चढवावा लागतो, वाईट व्हावं लागतं, पण ऐकतात. बावीस वर्षं कारखान्यात जे केलं ते घरी आठ दिवसांत करून दाखवलं. सगळ्यांना शून्य दिलं.

१४ एप्रिल, मंगळवार

आजही सगळीकडे शून्य. जेवताना मी मोठ्या मनाने सगळ्यांचं कौतुक केलं. बरणीचंसुद्धा. तिघं एकमेकांकडे बघत राहिले. मग मास्तर हळूच म्हणाले, "मी तिला दोन टॉवेलांत गुंडाळून कपाटात ठेवलंय." मुलगी म्हणाली, "मी मोजे खिडकीबाहेर टांगते." अप्पा नुसते हसले.

म्हणजे मनावर घेतलं होतं सगळ्यांनी. मला उगाचच भरून आलं.

जेवण मात्र अगदीच पुळचट. मास्तरांनी मीठ-तिखट घालायचं सोडलंय वाटतं. वास नको म्हटलं होतं, चव नको असं नव्हतं म्हटलं.

१५ एप्रिल, बुधवार

कारखाना थोडा सुरू झालाय. ड्रायव्हर पाच बाटल्या खाली ठेवून गेला. नवं तेल. मी हुंगून होकार दिला की पन्नास पिंपं कढईत जाणार.

पाची बाटल्या हुंगल्या. पाची शून्य. इतकं स्वच्छ तेल मी जन्मात पाहिलेलं नाही. पुरवठादाराने नेहमी आमच्या गळ्यात काहीतरी मारलेलं असतं, या वेळी त्यालाही माझी दहशत बसली असणार. दोन शून्यांचा नियम आठवला, नाही असं नाही. पण तो नवख्यांसाठी केलेला आहे. माझं नाक तपासायला माझ्यापेक्षा मोठं नाक आणायचं कुठून?

सही करून निरोप धाडला: तेल उत्तम, घ्या.

१६ एप्रिल, गुरुवार

आज घरात उगाचच मोठं नाटक. गॅसवर दूध ठेवून मी जेवणाच्या टेबलाशी कारखान्याचा अहवाल लिहीत होते. एकदम मास्तर आतून खोकत धावत आले, मुलगी नाकाला ओढणी लावून ओरडतेय, अप्पांनी बाल्कनीचं दार उघडलं. बघते तर दूध उतू जाऊन पातेलं काळंठिक्कर.

"तू चार हातांवर बसलीयेस!" मास्तर म्हणाले. "तुला वास नाही आला?"

"मी कामात होते."

"तुला? वास? नाही आला?"

एकेक शब्द सुटा करून विचारला, वर्गात विचारतात तसा. मला इतका राग आला! एक पातेलं करपलं तर केवढा कांगावा. स्वतःच्या बरणीचं काय?

१७ एप्रिल, शुक्रवार

सकाळी धाकट्या नाकाचा फोन.

"मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीये?"

"नाही, म्हणजे... तुम्ही पाची बाटल्यांना शून्य दिलंत."

"मग? तेल चांगलं आहे."

ती म्हणाली, "मॅडम, चार नंबरच्या बाटलीत मी मुद्दाम मागच्या वर्षीचं तेल भरलं होतं. ते गोदामात उंदीर मेला होता ना, त्या पिंपातलं. तुम्हीच शिकवलंय, नाक घरी बसलं की त्याच्यावर विसंबायचं नाही. मला वाटलं तुम्ही लगेच ओळखाल आणि मला शिव्या द्याल. म्हणून मी... पिंपं थांबवलीत मी. कुणाला सांगितलं नाहीये." मग एकदम हळू आवाजात, "मॅडम, या आजारात वास जातो म्हणे. तुम्ही बातम्यांत ऐकलं असेलच."

फोन ठेवला आणि उठले. पहिल्यांदा बाल्कनीत गेले, कारण घरात पाच गुणांची वस्तू एकच. अप्पांची डबी उशाशी होती. उघडली तर आत मलम नव्हतं, घड्याळांचे बारीक स्क्रू होते. डबी घासूनपुसून लख्ख. अप्पा गडबडीने काहीतरी सांगायला लागले, मी ऐकायला थांबले नाही.

कपाटातून बरणी काढली, टॉवेल सोडले, झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. पीठ नाकाच्या शेंड्याला लागलं. काही नाही. हवा फक्त. मग चार नंबरची बाटली. काही नाही. मुलीने न सांगता खिडकीतले मोजे आणून माझ्या हातात दिले. काही नाही.

नाकाला पीठ लागलेली बाई हातात मोजे घेऊन उभी, आणि कुणी हसलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

१९ एप्रिल, रविवार

तपासणीचा निकाल आला. मी पॉझिटिव्ह. मास्तर पॉझिटिव्ह, पण ठणठणीत. मुलगी आणि अप्पा निगेटिव्ह.

आम्ही दोघं झोपायच्या खोलीत बंद. सोबत बरणी. पैलवानाला रोज खाऊ घालावं लागतं म्हणून मास्तर त्याला घेऊनच आत आले. माझी आता हरकत असण्याचं कारण नाही.

डॉक्टर फोनवर म्हणाले, म्हातारे गृहस्थ वेगळे झोपत होते म्हणून वाचले म्हणायचं.

"बघ," मास्तर म्हणाले, "तुझ्या नाकानेच वाचवलं अप्पांना."

ते चांगल्या मनानेच म्हणाले. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

२३ एप्रिल, गुरुवार

ताप उतरला. खाणं म्हणजे ओला पुठ्ठा. मऊ आहे की कडक, गरम आहे की गार, एवढंच कळतं. स्वतःची किळस येते. आपल्या अंगाला वास येतोय का हे मला कळत नाही, मास्तरांना विचारावं लागतं. "तीन," ते म्हणतात. एकदा "साडेतीन" म्हणाले. बदला घेताहेत.

२७ एप्रिल, सोमवार

मुलगी दाराबाहेर ताट ठेवते आणि पलीकडे फतकल मारून बसते. दाराच्या फटीतून गप्पा. आज तिला विचारलं, अप्पा कसे आहेत?

"गुडघा सुजलाय त्यांचा. टम्म."

"मग मलम लावायला सांग की! दुसऱ्या डबीत काढून ठेवलं असेल ना त्यांनी."

"मलम कुठाय? त्यांनी टाकून दिलं ते. तू फतवा काढलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी." मग म्हणाली, "मला शपथ घातली होती सांगायचं नाही म्हणून. आई, ते आंघोळीला जाताना भिंत धरून धरून जातात. तू म्हणालीस ना, अंग आखडलंय."

सहा एप्रिल. म्हणजे वास आला नाही म्हणून मी काचेच्या दाराचं कौतुक केलं ते दिवस. या वहीत सगळं लिहिलंय मी, माझ्याच अक्षरात. मागची पानं चाळली आणि पहिल्यांदा मला त्या शब्दाचा खरा अर्थ कळला. शी.

४ मे, सोमवार

सुटलो. खोलीतून बाहेर आल्या आल्या अप्पांची खाट आत आणायला लावली.

"तिथे हवा बरी आहे, सूनबाई."

"हवा इथेही आहे."

"तुमचं नाक परत आलं की मग पुन्हा..."

"आलं की बघू."

औषधांच्या दुकानातून तेच मलम मागवलं. अप्पांच्या हातात दिलं. त्यांनी झाकण न उघडता ते खिशात टाकलं. "लागलं तर लावीन," म्हणाले. लावतात की नाही, मला कळायला मार्ग नाही. विचारलं की हो म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखाद्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतोय.

१० मे, रविवार

रोज सकाळी माझी परीक्षा. मुलगी चार कप झाकून आणते. एकात बरणीतलं पीठ, एकात मोजा, एकात चार नंबरचं तेल आणि एकात नुसतं पाणी. मी डोळे मिटून हुंगते. ती वहीत लिहिते: शून्य, शून्य, शून्य, शून्य. तिने स्वतःसाठी मास्कवर मास्क घातलेला असतो.

"आई, पाण्याचं बरोबर आलं," आज म्हणाली. बिचारी.

१२ मे, मंगळवार

मॅनेजरचा फोन. फार गोड बोलले. महिनाअखेरपर्यंत वाट बघू, नाहीतर लेबलं चिकटवायच्या विभागात बसा, पगार तोच. माझ्या खुर्चीवर धाकटं नाक बसेल. तिने पिंपं थांबवली नसती तर हजारो लोकांनी मेलेल्या उंदराने आंघोळ केली असती, तेव्हा खुर्ची तिचीच आहे. कळतं सगळं. तरी फोन ठेवल्यावर रडले. रडल्यावर नाक वाहतं, एवढं एकच काम त्याला अजून येतं.

मास्तरांनी पाव केला. या वेळी फुगला होता. सगळे वा वा म्हणाले. मी पण म्हटलं.

१७ मे, रविवार

घाईघाईत लिहितेय.

सकाळी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. कांद्याचं नुसतं पाणी डोळ्यांत, वास नाही, नेहमीसारखंच. आणि एकदम कुणीतरी मागून डोक्यात टपली मारल्यासारखं झालं. कापूर. डांबर. आणि ते तिसरं, ओळखता न येणारं.

"शी!" मी किंचाळले. "कोणी लावलंय ते?"

सुरी हातात घेऊनच धावले. अप्पा खाटेवर बसले होते, पायजमा गुडघ्यावर ओढलेला, आणि मला बघताच त्यांनी टॉवेल उचलून गुडघा खसाखसा पुसायला घेतला.

"चुकलं, सूनबाई. आज वळतच नव्हता म्हणून जरासंच लावलं. आत्ता पुसतो. तुम्हाला येत नाही असं वाटलं, म्हणून..."

"पुसू नका!"

"नाही नाही, पुसतो, बाल्कनीत जातो..."

"अप्पा, पुसू नका हो!"

मी टॉवेल हिसकावला. मास्तर आणि मुलगी दारात येऊन उभे. मास्तरांनी आधी सुरी काढून घेतली. मुलीने विचारलं, "आई, तू शी म्हणालीस?" मी मान हलवली. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि हुंदके द्यायला लागली. या घरात माझ्या शी म्हणण्याने कुणी आनंदाने रडेल असं मला सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

बाकी कप हुंगून पाहिले. पीठ शून्य, मोजा शून्य, तेल शून्य. एकच वास आलाय. पुढचं पुढे.

अप्पा अजून घाबरलेलेच होते. मग मी डबी घेतली, जमिनीवर बसले आणि त्यांच्या गुडघ्याला मलम चोळलं. गुडघा गरम होता आणि केवढा सुजलेला. बावीस वर्षं मी बाटल्या हुंगल्या, पण या माणसाचा गुडघा कधी हात लावून पाहिला नव्हता. ते डोळे मिटून बसले होते. "बरं वाटतंय," एवढंच म्हणाले.

मलम: पाच. अर्धा गुणही कमी नाही. हात अजून धुतलेला नाही आणि या पानालाही आता तोच वास लागलाय. शी.